धुरपदाची आणि माझी एकच शिदोरी

लिहून ठेवणार मुंजाजी आश्रुबा बोबडे, वय चौसष्ट, रेल्वेतून निवृत्त केबिनमन, राहणार पूर्णा, जिल्हा परभणी. माझे डोके ठिकाणावर आहे, डोळ्यांना दिसते, कानांना चांगले ऐकू येते आणि माझ्यावर कोणाचा दाब नाही. अशा स्थितीत मी माझ्या खुशीने हे मृत्युपत्र डाव्या हाताने लिहीत आहे. अक्षर कोंबडीच्या पायासारखे आले आहे, त्याला माझा इलाज नाही. उजव्या हाताने केबिनीतले सिग्नलचे खटके ओढण्यात उभी हयात गेली, आणि तीन वर्षांपूर्वी अंगावरून वारे गेले तेव्हा तोच हात पहिल्यांदा रुसला. शाळा आम्ही निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलो. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, ती या डाव्या हाताला सोपी गेली असती. पण कचेरीत वाचणार कोण, म्हणून मराठीत लिहितो.

डोके ठिकाणावर आहे हे वाक्य सगळेच लिहितात. मला ते मुद्दाम लिहावे लागते. थोरले चिरंजीव दत्तराव यांचे मत असे आहे की, वारे गेल्यापासून बापूंचे काही खरे नाही, एकच नाव घोळत बसतात. उद्या हा कागद कोणी नाकारू नये म्हणून ते नाव मी का घोळतो, हेही यात लिहीत आहे. मृत्युपत्रात गोष्टी सांगू नका, असे वकिलांनी बजावले होते. वकील तरुण आहेत.

कलम एक. पूर्णा येथील माझे दोन खोल्यांचे पत्र्याचे घर, पुढचा ओटा व मागची मोरी यांसह, माझ्या पश्चात माझी पत्नी धुरपदाबाई हिचे एकटीचे व्हावे. तिने ते भाड्याने द्यावे, विकावे, नाहीतर त्यात शेळी बांधावी, कोणी विचारू नये. तिच्या हयातीत तिला या घरातून कोणी हलवू नये. सहा महिने परभणीला थोरल्याकडे, सहा महिने झरीला धाकट्याकडे, अशी तिची पाळी लावू नये. तिला वाटेल तेव्हा ती जाईल आणि वाटेल तेव्हा परत येईल, दाराला कुलूप तिचे असेल. हे मृत्युपत्र खरे म्हणजे या एका कलमासाठी आहे. बाकीची शेपूट समजावी.

कलम दोन. वरील कलमाचे कारण. वारे गेले तेव्हा माझे तोंड वाकडे झाले, उजवे अंग गेले आणि वाचा बसली. आडनाव बोबडे ते आता सार्थ झाले, असे माझे मेहुणे आप्पाराव दवाखान्यातच म्हणाले. मला राग आला, पण तो सांगायला तोंड नव्हते. घरी आणल्यावर मला बाजेवर निजवले आणि पाहुणे बसून माझ्याविषयी माझ्यासमोर बोलू लागले. वाचा गेलेला माणूस ऐकत असतो, हे लोकांच्या लवकर ध्यानात येत नाही.

असाच एक दिवस दोन्ही मुले बसली. दत्तराव म्हणाला, "माय माझ्याकडं येईल. बापूला झरीला नेऊ, तिथं मोकळं हाय." धाकटा बन्सीधर म्हणाला, "बापूचं उठवणं-बसवणं घरची एकटी कसं करील? तिला रानात बी जावं लागतंय." मग दत्तराव म्हणाला, "तर सहा-सहा म्हैने पाळी लावू. सहा म्हैने माय तुझ्याकडं, बापू माझ्याकडं. मग उलटं." आप्पाराव म्हणाले, "बराबर हाय. कोनावर भार नको." धुरपदाबाई भिंतीला टेकून तूर निवडत होती. तिचे हात थांबले. ते मी पाहिले.

येथे एक गोष्ट सांगणे जरूर आहे. आमच्यात नवरा बायकोचे नाव घेत नाही. मी तिला उभा जन्म 'दत्ताची माय' म्हटले, नाहीतर नुसते 'ऐकलं का'. तिचे नाव मी एकदाच घेतले होते. लग्न करून आलो, बहिणींनी उंबऱ्यात दार अडवले आणि नाव घेतल्याशिवाय सोडेनात, तेव्हा उखाण्यात.

तर त्या दिवशी, पाळी ठरत असताना, घरात एक आवाज झाला. कोण बोलले हे आधी मलाही कळेना. मीच बोलत होतो.

"बाजेला ताणली अंबाडीची दोरी, धुरपदाची आन् माझी एकच शिदोरी."

कित्येक महिने मला पाणी मागता आले नव्हते आणि लग्नातला उखाणा सबंध बाहेर पडला. आप्पाराव ओरडले, "काय म्हनले?" धुरपदाबाईने पदरात तोंड घातले होते. ती आतूनच म्हणाली, "काई न्हाई. नाव घेतलं माझं." ती हसत होती की रडत होती हे पदरामुळे दिसले नाही. माझ्या मते दोन्ही चालले होते. पाळीचा विषय त्या दिवशी मिटला. मुले वाईट नाहीत. त्यांची घरे लहान आहेत आणि कामे फार. पण मी नसलो म्हणजे तो विषय पुन्हा निघेल आणि उखाणा घ्यायला मी नसेन, म्हणून कलम एक.

कलम तीन. माझी बाज धाकटी सून दैवशाला हिला द्यावी. वाचा मला तिच्यामुळे आली. त्या दिवसानंतर ती महिनाभर येथे राहिली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, मामाला निस्तं बोलता येईना, पर उखाण्यात येतंय. तुमी आर्धा म्हना, उरलेला त्यांना म्हनू द्या." डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, असे होते खरे, जे पाठ असते, चालीवर असते, ते मेंदूत दुसऱ्या वाटेने येते. धुरपदाबाईकडे उखाण्यांचे पोते होते. ती म्हणे, "पूर्णेच्या टेसनात गाड्यांचा मेळ," आणि मी पुढे ढकले, "धुरपदाचं नाव घेतो, झाली च्याची येळ." ती म्हणे, "गवती च्याला आल्याची जोडी," मी म्हणे, "धुरपदाचं नाव घेतो, साखर टाक थोडी." साखर मिळायची नाही, पण शब्द यायचा.

संध्याकाळी गल्लीतल्या बाया ओट्यावर जमू लागल्या. पुरुष माणूस दिवसभर बायकोचे नाव घेतो, ही मौज त्यांनी पाहिली नव्हती. पुढे पुढे नाव एवढे जिभेवर बसले की दुसरा शब्द सापडला नाही म्हणजे तेच बाहेर यायचे. मी डॉक्टरांना धुरपदा म्हटले, पोस्टमनला म्हटले, एकदा आप्पारावांनाही म्हटले. दत्तराव ज्याला घोळणे म्हणतो ते हे. ते वेड नाही. पडलेला माणूस जिथे हात लागेल तिथे धरून उठतो, तसे मी त्या नावाला धरून उठलो.

कलम चार. आढ्याला बांधलेली अंबाडीची दोरी. ती धुरपदाबाईने बांधली. माझा मेलेला हात तिच्यात अडकवून ती म्हणे, "वढा. मालगाडी आलीया." मी ओढत नसे. ती म्हणे, "सिग्नल पडंना तर डायवर तुमालाच शिव्या देईल." मग मी ओढत असे. आता त्या हाताने मी पाण्याचा तांब्या धरतो, अर्धे सांडते. ही दोरी गावात ज्याच्या अंगावरून वारे जाईल त्याला द्यावी. मात्र त्याला सांगावे की नुसत्या दोरीने काही होत नाही.

कलम पाच. किरकोळ. झरीची जमीन दोन्ही मुलांना निम्मी निम्मी, कसायची बन्सीधरने. पोस्टातली शिल्लक धुरपदाबाईची. माझी लाल-हिरव्या काचेची हातबत्ती दत्तरावास द्यावी. लहानपणी तो ती घेऊन अंगणात माझी वाट अडवायचा आणि हिरवी दाखवल्याशिवाय मला घरात येऊ द्यायचा नाही. त्याला ते आठवत नसेल, मला आठवते. रेल्वेची शिट्टी आप्पारावांना द्यावी. ते माझ्याशी आजही ओरडून बोलतात. त्यांचा घसा वाचेल. शेजारच्या दगडाबाईंनी माझ्या अंगाला रक्त चोळायला दोन पारवे आणून दिले होते. धुरपदाबाईने ते सोडून दिले. ते अजून आमच्या पत्र्यावर असतात. सापडल्यास परत करावेत.

कलम सहा. पुन्हा वारे गेल्यास काय करावे. डॉक्टर म्हणतात जाऊ शकते. तसे झाले तर आम्हा दोघांना एका घरात ठेवावे. माझ्याविषयी बोलायचे ते माझ्याशी बोलावे. मला विचारून माझ्या वतीने दुसऱ्याने उत्तर देऊ नये. वेळ लागतो, तेवढा द्यावा. मोरीत नेल्यावर दार लोटून घ्यावे. मी शुद्धीत आहे की नाही अशी शंका आली तर धुरपदाबाईने उखाण्याची पहिली ओळ म्हणावी. मी दुसरी म्हटली, निदान ओठ हलवले, तर मी आहे असे समजावे. नाही म्हटली तर दुसरी ओळ तिनेच पुरी करावी आणि मला निजू द्यावे.

कलम सात. धुरपदाबाईकडे माझे एक येणे आहे. मी तिचे नाव इतके घेतले की पोस्टमन आता तिला नावाने ओळखतो. तिने माझे एकदाही घेतले नाही. मतदार यादीवाला आला तर ती माझ्याकडे बोट करते, नाहीतर दगडाबाईंना सांगायला लावते. विद्यापीठाच्या नावावरून आमच्याकडे इतकी वर्षे मोर्चे निघतात. केबिनीत बसून मी म्हणायचो, नावाचे एवढे काय. आता म्हणत नाही. नाव ऐकायला माणूस किती वाट पाहतो ते मला घरात बसून कळले. तरी माझ्या पश्चात, सगळे विधी उरकल्यावर, तिने या घरात एकदा माझे नाव घ्यावे. उखाण्याशिवाय, नुसते. हे कलम तिला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मेल्यावर कोन ऐकायलाय?" मी म्हणालो, कलम आहे, आता बदलत नाही.

येणेप्रमाणे लिहून ठेवले. वाचून पाहिले, बरोबर आहे.

परभणी, दिनांक १२ नोव्हेंबर १९९०
सही (डाव्या हाताची): मुंजाजी आश्रुबा बोबडे
साक्षीदार: १. व्यंकटराव, निवृत्त गार्ड, पूर्णा. २. माणिकराव, शिक्षक, पूर्णा.

पुरवणी. त्याच दिवशी, कचेरीच्या ओट्यावर बसून लिहिली.

कागद नोंदवायला आम्ही आगगाडीने परभणीला आलो. दत्तराव स्टेशनवर आला होता. कचेरीच्या पायऱ्या त्याने मला उचलूनच चढवल्या. नोंदणीच्या साहेबांनी कागद वाचला आणि अदबीने विचारले, "बाबा, हे तुमच्या खुशीनं करताय ना? तुमच्या तोंडून सांगा." माझी जीभ बसली. टेबल, शिक्के आणि एवढी माणसे पाहून शब्द गेले ते गेलेच. व्यंकटराव माझ्या वतीने बोलू लागले. साहेब म्हणाले, "त्यांनाच बोलू द्या." ते बराच वेळ थांबले. मग त्यांनी कागदाची घडी केली आणि म्हणाले, बरे वाटेल तेव्हा परत या. दत्तराव खाली वाकून म्हणाला, "बापू, ऱ्हाऊ द्या. घरी जाऊ."

धुरपदाबाई दाराजवळच्या बाकड्यावर होती. ती उठून आत आली आणि उखाण्याची पहिली ओळ म्हणाली. सगळी कचेरी ऐकत होती. माझे ओठ हलेनात. कलम सहाप्रमाणे आता मी नव्हतोच.

तेव्हा तिने डोक्यावरचा पदर नीट केला, माझ्या उजव्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "मुंजाजी, बोला. म्या हाय इथं."

मी म्हणालो, "माझ्या खुशीनं. घर धुरपदाचं."

साहेबांनी शिक्का मारला. पायऱ्या उतरताना दत्तरावाने विचारले, "माय, बापूचं नाव तुला घेता येत हुतं?" ती म्हणाली, "पंचेचाळीस वर्सं झाली, पाठ हाय." त्याने मला उतरवून रिक्षात बसवले आणि तिलाही माझ्याच शेजारी बसवले.

सबब, कलम सातमधील माझे येणे माझ्या हयातीतच पूर्ण वसूल झाले आहे. ते कलम रद्द समजावे.

सही (डाव्या हाताची): मुंजाजी आश्रुबा बोबडे
साक्षीदार: वरीलप्रमाणे, व्यंकटराव, माणिकराव
परभणी, १२ नोव्हेंबर १९९०