वास येत नाही, एवढंच

६ जाने.
धुकं. ऊन नाही. कपाळ जड, वाकलं की गालाची हाडं ठणकतात. सकाळी मिठाच्या पाण्याची नेती. डावी नाकपुडी वाहिली, उजवी बंद. मग स्प्रे.
दूध उतू जाऊन शेगडी विझली. मी बाहेरच्या खोलीत वाचत होते. गुड्डी कामाला आली, ती दारातूनच ओरडली, "भाभीजी, गैस! आप बैठी कैसे हैं?" खिडक्या तिनेच उघडल्या. मला कसलाच वास आला नव्हता.
तिला म्हटलं, कुणाला सांगू नकोस. म्हणजे नणंदेला कळणार.

७ जाने.
कळलं. शैलाताईंनी पुण्याला निनादला फोनही केला.
"आई, बस हो गया अब. इकडे राहायला ये."
म्हटलं, बावीस वर्षं हेच सायनस घेऊन कॉलेजात शिकवलं. तेव्हा कुणी मला हलवलं नाही.
"तेव्हा बाबा होते."
मुलगा आहे. कुठे मारायचं ते माहीत आहे.

१० जाने.
डॉ. म्हणाले, नाकातले पॉलिप परत वाढलेत. पुन्हा ऑपरेशन. विचारलं, वास येईल?
"आ भी सकता है, नहीं भी."
प्रामाणिक माणूस. तारीख घेतली, इथलीच. निनादला सांगितलं नाही.

१२ जाने.
गॅसचा अलार्म बसवला. नियम लिहून भिंतीवर चिकटवले. शेगडी पेटली की स्वैपाकघर सोडायचं नाही. काम झालं की रेग्युलेटर बंद. एकूण सात. सातही पाळते.

१९ जाने.
संक्रांतीचं हळदीकुंकू. हे गेल्यावर मी ते करू नये, असं शैलाताईंचं मत. केलं. आमच्या दाना ओली गल्लीतल्या सगळ्या आल्या. अत्तर मीच लावलं. प्रत्येकीने मनगट हुंगलं, कुणी बोललं नाही. शेवटी शेजारच्या जोशीवहिनी, "अहो सुधाताई, हे निलगिरीचं तेल! सर्दी गेली माझी, पण अत्तर कुठंय?"
वाफ घ्यायच्या तेलाची बाटली. अत्तराच्या कुपीएवढीच.
सगळ्या हसल्या. मीही. शैलाताई नाही. जाताना दारात थांबल्या. "सुधा, आज निलगिरी. उद्या? माझा भाऊ गेला, आता तू तरी..."
रागवायचं होतं, जमलं नाही.

२४ जाने.
निनाद आला. न कळवता. भिंतीवरचे नियम उभ्याने वाचले. "आई, हा सिलॅबस आहे."
डोकं दुखतंय. त्याला दाखवलं नाही.

२५ जाने.
शेगडीकडे पाठ करून मेथी निवडत होते. निनाद म्हणाला, चहा मी करतो. लायटरचा आवाज आला नाही. नुसती बारीक सूं.
मान न वळवता म्हटलं, "निनाद, बटण बंद कर."
केलं. अलार्मची पिन त्याने आधीच काढून ठेवली होती. "लाइट तो जाती ही है ना," म्हणाला.
पास झाले. मग त्याने विचारलं, "आणि बाहेरून वरात जात असती तर? बँड?"
तो रडला. लहानपणी पडला की रडायचा तसा, तोंड फिरवून. खिडकी मी उघडली.

२६ जाने.
ऑपरेशनची तारीख सांगितली.
"नंतर कुठे राहणार?"
"इथेच."
"एकटी?"
"गुड्डी येते. तुझी आत्या खासगी बाजारातल्या तिच्या घरून चालत येते, रोज, भांडायला. तूही ये. रजा काढ."
त्याने उठून अलार्मची पिन परत लावली.

२७ जाने.
नेती. आज दोन्हीकडून पाणी आलं. वास नाही.
निनादची दुपारची गाडी. त्याने मोबाइल समोर धरला. तिकिटं दोन. चष्मा लावून नीट वाचलं. माझं नाव, वय सहासष्ट, खालचा बर्थ.
"विचार कर," म्हणाला, आणि आंघोळीला गेला.
मेथीचे पराठे केले. कडेला लोणचं. रेग्युलेटर बंद केला.
डबा एकाचाच भरला आहे.