मरियमबाईची ओटी

३ नोव्हें., सोम.
आईच्या ऑप.ची तारीख मिळाली. २६ ला भरती, २७ ला झडप बदलणार. तोवर आई माझ्याकडे, हुडकेश्वरला. दादाच्या कोराडीला वीजकेंद्राच्या राखेनं खोकला वाढतो तिचा. दादाला हे पटत नाही. म्हणतो, राख सगळी दुसऱ्या बाजूला जाते. दुसरी बाजू कुठली ते सांगत नाही.

दवाखान्यातून येताना गाडीत आई एकदम म्हणाली, "त्याच्या आधी मले एकदा वर जाऊन येऊ द्या. मरियमबाईकडे."

वर म्हणजे परतवाड्याच्या पुढे घाट चढून गेलं की डोंगरावर ख्रिस्ती मिशनचं जुनं देऊळ आहे, तिथं. आईचं माहेर त्याच डोंगराच्या पायथ्याशी. लहानपणी मामाकडे गेलो की अंगणातून दिसायचं. दगडी, एका अंगाला घंटेचा मनोरा. आईनं आम्हाला कधी वर नेलं नाही. हट्ट केला तरी नाही.

दादा म्हणाला, "काहून घाई करून राहिली? ऑपरेशन होऊन जाऊ दे, मंग नेतो ना."

आई काचेतून बाहेर बघत बसली. घरी आल्यावर जेवली नीट. पण तिचं ते बाहेर बघणं मला ठाऊक आहे. त्र्याहत्तराव्या वर्षी छाती उघडणार आहेत तिची. 'मंग' या शब्दावर तिचा विश्वास नसेल तर चूक काय?

५ नोव्हें.
वहिनीनं प्रश्न सोडवला. तिच्या मते हा नवस. आई कधीतरी मरियममातेला बोलली असणार, तो राहिला फेडायचा. "नवस अंगावर ठेवून कोणी त्या टेबलावर झोपते का?" असं तिनं दादाला विचारलं. दादानं आपण असलं काही मानत नसल्याचा चेहरा केला आणि डॉक्टरांना फोन लावला. बसून प्रवास चालेल, चढ-उतार नको, गोळ्या हाताशी ठेवा.

शनि. २२ ठरला. रविवारी तिथं उपासना असते, गर्दी होईल.

नुसत्या इच्छेला आमच्या घरात रजा मिळत नाही. नवसाला लगेच मिळते.

आई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. "शनवार चांगला हाये," एवढंच.

८ नोव्हें., शनि.
यादी. दादाची गाडी. पहाटे पाचला निघायचं. दादा, वहिनी, आई, मी. माझ्या नवऱ्याचं, सु.चं ऑडिट आहे, तो घर सांभाळणार, म्हणजे चहा करून पिणार. अमरावतीच्या अलीकडे नाश्ता. परतवाड्याला आईला अर्धा तास आडवं करायचं. घाट दुपारच्या आत. पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, संत्री. आईची उशी. रात्री दहापर्यंत परत.

वहिनीचा फोन: मरियममातेला साडी कुठल्या रंगाची चालते? मला काय माहीत. तिनं कुठल्याशा कॅलेंडरवर निळी पाहिली होती, म्हणून निळी घेतली. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. शिवाय डझनभर मेणबत्त्या. म्हणाली, दोन्हीकडचं जवळ ठेवलेलं बरं, वर्षाताई, ऐनवेळी कुठं शोधता?

हसले. पण तिचं मन चांगलं आहे. स्वतःच्या आईसाठी केलं असतं तसंच करते आहे.

९ नोव्हें.
मोबाइलवर देवळाचे फोटो शोधले. तिरका प्रकाश, दगडी भिंत, आत साधे बाक, समोर नुसता लाकडी क्रूस. सगळे फोटो पाहिले. मरियममाता कुठेच नाही.

आईला फोटो दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघितला. मग बोटानं चित्र सरकवायला गेली. मनोऱ्याच्या मागे काय आहे ते बघायचं होतं तिला. फोटोत मागचं दिसत नाही हे तिला कळतं, तरी दोनदा सरकवलं.

११ नोव्हें., मंगळ.
सु.च्या ऑफिसातल्या एकाची सासुरवाडी परतवाड्याची. त्याच्याकडून देवळाच्या पाळकांचा, म्हणजे पाद्रींचा, नंबर मिळाला. फोन केला. सावकाश बोलणारे गृहस्थ, मागे कोंबड्यांचा आवाज. सांगितलं, आईचा मरियममातेचा नवस आहे, ओटी भरायची आहे, चालेल ना?

ते मग अगदी जपून म्हणाले, "बाई, आमच्या देवळात मूर्ती नसते. तुम्ही दुसरं देऊळ म्हणत असाल."

मी म्हटलं, आई तर मरियमबाई, मरियमबाई म्हणते. वरच्या मिशनची.

"बाई म्हणतात? माता नाही?" त्यांनी विचारलं. "मग एक मरियमबाई आहेत. देवळात नाही, खाली, रस्त्यालगत आमचं कबरस्तान आहे तिथं. इथं दवाखाना होता ना पूर्वी, तिथल्या नर्स. दगडावर तेवढंच आहे, मरियमबाई, परिचारिका."

देवळाला बेचाळीस पायऱ्या आहेत, पण कबरस्तानाला एकही नाही, गाडी फाटकापर्यंत येते, हेही सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

लिहिण्यावर पोट भरते मी. आईनं आठ दिवस 'बाई' म्हटलं आणि आम्ही सगळ्यांनी 'माता' ऐकलं.

१२ नोव्हें.
आई गच्चीवर उन्हात संत्री सोलत होती. म्हटलं, आई, मरियमबाई नर्स होती ना?

तिचे हात थांबले नाहीत. शिरा काढून फोड माझ्या हातावर ठेवली. "कोणं सांगतलं?"

मग सांगितलं. तुकड्यातुकड्यांनी. जसं आठवतं तसं इथं लिहून ठेवते आहे.

ती आठ वर्षांची असताना पायाचं हाड सडलं. वैद्य झाले, देवऋषी झाला. शेवटी आजोबांनी बैलबंडीत घालून वर मिशनच्या दवाखान्यात नेलं. दीड वर्ष होती तिथं. मरियमबाई तिला पाठीवर घेऊन व्हरांड्यात उन्हाला आणून ठेवायची. केस विंचरायची. तिच्याच ताटात जेवायला घ्यायची. पाय वाचला. आजोबा न्यायला आले आणि बंडीतच बजावलं, तिथं जेवलीस हे कुणाला सांगायचं नाही, लग्न होणार नाही तुझं. मग ठरलं की पाय बैलबंडीवरून पडून अधू झाला. आम्हालाही तेच सांगितलं. बाबांनाही.

"बाबांनाही?"

"एकडाव सांगणार होती. तवा त्यांचं पोट बिघडलं होतं. मंग राह्यलंच." एकूण त्रेचाळीस वर्षांचा संसार. राह्यलंच.

म्हटलं, आई, त्या नाहीत आता. कबर आहे.

"मेली असंनच ना वं. मले माहीत नाही का? मी म्हातारी झाली, तं ते का बसून राहीन?" सालं गोळा करून उठली. कुंडीत टाकली. मग पाठमोरीच म्हणाली, "मी तिले येते म्हणलं होतं."

१३ नोव्हें.
कालचं उरलेलं. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर तिनं आपणहून सांगितलं.

निघायच्या दिवशी मरियमबाई चादरी धूत होती. हात साबणाचे. आजोबा घाई करत होते. आई म्हणाली, "येते." आपण सगळेच म्हणतो. निघताना 'जाते' म्हणायचं नसतं, अशुभ, एवढंच. पण मरियमबाई चंद्रपूरच्याही पलीकडची, तेलुगू मुलखातली. मराठी कामापुरती. तिला ती रीत माहीत नव्हती. तिनं खरं धरलं. "कधी?" असं विचारलं. आई म्हणाली, "लवकर."

पुढच्या नाताळच्या सुमाराला आजोबांच्या घरी पोस्टकार्ड आलं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. तू येते बोलली, कधी येते. आजोबांनी वाचलं आणि चुलीत घातलं. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक. मग नाही.

आपल्याकडे दिवसातून दहा वेळा म्हणतो तो शब्द. दूधवाल्याला म्हणतो. मी कितींना म्हटलं असेल.

१४ नोव्हें.
दादाला सांगावं का? नवस नाही म्हटल्यावर तो ऑप.नंतरवर ढकलेल, नक्की. आणि चिडेल. लपवलं म्हणून चिडेल.

आईला विचारलं. म्हणाली, "नवसच म्हणा ना. कोणाचं काय जाते?" वर हसली. आजोबांची मुलगी शोभते. दीड वर्ष मिशनात काढून बंडीवरून पडलेली.

मी गप्प राहायचं ठरवलं. बरं वाटत नाही.

१६ नोव्हें., रवि.
कोराडी. दादाकडे जेवायला. वहिनीनं ओटीचं ताट काढून दाखवलं, काही राहिलं का बघा म्हणाली. निळी साडी खरंच सुरेख. आईनं काठावरून हात फिरवला. वहिनी तिला शिकवत होती, नारळाची शेंडी देवीकडे ठेवायची, मग तांदूळ, पदर पुढे घेऊन...

आई म्हणाली, "तिची ओटी मी कशी भरू वं? लेकीची ओटी माय भरते. मायची लेक भरते का?"

वहिनी ताट धरून उभी. दादानं वर बघितलं.

मग आईनंच सांगितलं सगळं. मला सांगितलं त्याच्या निम्म्या शब्दांत. पाय, पाठ, व्हरांडा, पोस्टकार्ड. मला न सांगितलेलं एक: निघताना मरियमबाई म्हणाली, फ्रॉक पुढे धर. आणि साबणाच्या हातांनी त्यात बोरं टाकली, ओंजळीनं, तीन वेळा. "घरी येईस्तोवर खाल्ली. साबनाचा वास येत होता, तरी खाल्ली."

दादा आईच्या डाव्या पायाकडे बघत होता. लहानपणी शाळेत त्या चालीची कुणी नक्कल केली म्हणून मारामारी करून आला होता. 'माझी आई बंडीवरून पडली' असं ओरडत. मग उठून गच्चीवर गेला. वरून चपलेचा आवाज येत राहिला, इकडून तिकडे.

निघताना एवढंच म्हणाला, "आई, शाल घे, गार आहे." शनिवारचं कुणी काढलं नाही. आम्ही काढलं नाही, त्यानंही नाही.

१८ नोव्हें.
दादाचा फोन नाही. आईला रात्री धाप लागली थोडी. आज बरी आहे. डॉक्टरांना कळवलं, गोळी वाढवली. दादाला हे सांगू नको असं आईनं दोनदा बजावलं. मी सांगितलं. आता पुरे झालं लपवणं.

तो "बरं" म्हणाला. काय बरं, कळलं नाही.

१९ नोव्हें., बुध.
काही नाही. आई सकाळपासून साड्या काढून घड्या घालते आहे. विचारते मात्र काही नाही.

२० नोव्हें.
ड्यूटी संपवून दादा थेट इकडे आला. हातात घडीची खुर्ची, ॲल्युमिनियमची, पट्ट्यांची. हॉलमध्ये उघडली, स्वतः बसून हलून पाहिली. मग आईला म्हणाला, "बस बरं." ती बसली.

"तिथं खाली बसता येणार नाही तुले. आणि उभंही किती राहशीन?" असं म्हणून घडी केली आणि गाडीच्या डिकीत नेऊन ठेवली. चाकांत हवा भरून आणली आहे म्हणाला. डॉक्टरांशीही परत बोलला होता. धाप लागली तर जिथं असू तिथून वळायचं, त्यात वाद नको, अशी अट. आईनं लगेच कबूल केली. फारच लगेच.

चहा घेतला. माझ्याकडे न बघता विचारलं, "आजोबानं दोन्ही कार्डं जाळली?" हो म्हटलं. कप ठेवला आणि गेला.

२१ नोव्हें., शुक्र.
सामान भरलं. नारळ, खण, हळकुंड वहिनीनं स्वतःच बाजूला काढलं. साडी मात्र ठेवली, म्हणाली, पांघरता येईल दगडावर, नाही तर पाळकबाईंना देता येईल, बघू. मेणबत्त्याही ठेवल्या. मी बोरं शोधत दोन बाजार फिरले. अजून आली नाहीत, हिरवी कच्ची एका टोपलीत होती. ती घेतली नाहीत. संत्री आहेत. आई म्हणाली, संत्रं चालते, तिले आवडे.

मी पाळकांना फोन केला. उद्या अकराच्या सुमाराला पोचतो. फाटक उघडं ठेवतो म्हणाले. दगडाभोवतीचं गवत काढून ठेवलंय.

जेवण झाल्यावर आईच्या पायाला तेल लावून दिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या खळग्याला बोटं लावली. दुखते का विचारलं. नाही म्हणाली. मग जरा वेळानं, अगदी रोजच्या आवाजात:

"वर्षा, तिथून निघताना काय म्हणू वं?"

मला समजलं नाही आधी.

"येते म्हणून चालीन का? एकडाव खोटं झालं. जाते तं म्हणवत नाही."

तेल पुसत राहिले. उद्या बघू म्हटलं. तिनं मान हलवली आणि कूस बदलली.

२२ नोव्हें., शनि. पहाटे ४.५०
दादा खाली आलाय, हॉर्न न वाजवता मोबाइलवर मिस कॉल. आई तयार. पांढरी साडी, निळ्या काठाची. कुठून काढली कोण जाणे. श्वास ठीक. गोळ्या माझ्या पर्समध्ये.

सु. दारात उभा. आईनं त्याला "येते" म्हटलं आणि म्हणता म्हणता माझ्याकडे बघितलं.

उत्तर अजून सुचलेलं नाही. साडेपाच तासांचा रस्ता आहे.