‘पाणी’ या शब्दाच्या सहाशे बारा ओळी

सोमवार, ५ जानेवारी

आले बाई एकदाची पनवेलला! सांगली सोडताना आईने डोळ्यांना पदर लावला होता, मी मात्र उड्या मारतच निघाले. ऑफिस नवीन पनवेलात, तिसऱ्या मजल्यावर. खाली बेकरी आहे. अकरा वाजता पॅटिसचा वास वर येतो आणि माझं डाएट तिथल्या तिथे संपतं.

काम झकास आहे. पनवेल-उरणकडच्या गावांतली माणसं इथे बोलावतात, त्यांना दोन-दोन तास बोलायला लावतात, ते सगळं टाइप करतात. लाखो वाक्यं जमली आहेत, पण शोधायची सोय शून्य! ती मी करायची. शब्द टाकला की तो जिथे जिथे आला ती वाक्यं टेबलात, एकाखाली एक. ओळीच्या सुरुवातीला छोटा बाण. तो दाबला की ओळ उघडते आणि आधीची दोन, नंतरची दोन वाक्यं दिसतात. पुन्हा दाबला की आणखी दोन-दोन. पायथनमध्ये एका संध्याकाळचं काम, पण मी तोंड वाकडं करून आठवडा लागेल म्हटलं. साहेब, धर्मराज सर, लगेच हो म्हणाले. गोड माणूस.

टाइप करतात त्या सुमतीताई, करंज्याच्या. त्यांच्या ‘हाय’ आणि ‘नाय’ला मी फिस्सकन हसले. त्या नाही हसल्या.

मंगळवार, ६ जानेवारी

आज रेकॉर्डिंगची खोली पाहिली. खोली कसली, कपाटच! भिंतींना जाड स्पंज. दार लावलं की आतला आवाज बाहेर येत नाही. बाहेर सुमतीताईंच्या टेबलावरचा हेडफोन लावला तरच ऐकू येतं, आणि तिथल्या माईकवर बोललं की आत स्पीकरवर ऐकू जातं. दाराला कडी आहे ती बाहेरून. का, तर गावची माणसं मध्येच उठतात, दार उघडतात आणि रेकॉर्डिंग वाया जातं. म्हणून सर माणूस आत बसवतात, कडी लावतात आणि दोन तासांनी काढतात. फोनही बाहेर ठेवायचा. शाळेत आम्हाला असंच कोंडलं असतं तर मी पहिली आले असते.

शुक्रवार, ९ जानेवारी

टेबल तयार! चाचणीला साधासा शब्द घेतला, ‘पाणी’. सहाशे बारा ओळी आल्या. विहीर, खाडी, मिठागर, हंडे, सगळं आलं. पण त्यातल्या चारशे अकरा ओळी एकाच बाईच्या, नंबर भा-०९. आणि वाक्यही एकच: ‘बाय, पाणी दे.’ बाण दाबला. आधी ‘बाय, पाणी दे’, नंतर ‘बाय, पाणी दे’. म्हटलं, टाइप करताना सुमतीताईंचं बोट अडकलं वाटतं! माझं टेबल पार विद्रूप झालं होतं. मी एक ओळ लिहिली: पुन्हा पुन्हा येणारं वाक्य दाखवायचंच नाही, फक्त किती लपवली तो आकडा तळाला द्यायचा. टेबल कसं लख्ख झालं! सर इतके खूश की त्यांनी स्वतः पॅटिस मागवलं.

सोमवार, १२ जानेवारी

जिन्यात एक कातकरी बाई बसली होती, माझ्याच वयाची असेल. मी ओलांडून वर आले. सुमतीताई म्हणाल्या, ती साळू. दर सोमवारी येते. तिची आई भामा दिवाळीआधी इथे बोलायला आली ती घरी परतलीच नाही. सरांनी साळूला सांगितलंय की तुझी आई काम करून गेली, मुकादमाबरोबर वीटभट्टीवर गेली असेल. साळू सगळ्या भट्ट्या पालथ्या घालून आली.

भामा. भा-०९.

सुमतीताईंना बाजूला घेतलं. आधी त्या नाय नाय करत राहिल्या, मग बोलल्या. धनत्रयोदशीच्या दुपारी सरांनी भामाला आत बसवलं, कडी लावली. मग मिठाईचे बॉक्स वाटले, फोटो काढले, सगळे आनंदात घरी गेले. ऑफिस उघडलं पाचव्या दिवशी. सुमतीताई आल्या तेव्हा खोलीत फिनेलचा वास होता आणि कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंगची फाईल होती. मशीन चारही दिवस चालूच राहिलं होतं. सर म्हणाले, इतके तास अस्सल बोली कुठे मिळणार, टाइप करा. त्यांनी केलं. त्यांचं बोट कुठे अडकलं नव्हतं.

बुधवार, १४ जानेवारी

सरांकडे गेले. तावातावाने गेले होते, खरं सांगते. त्यांनी आधी तिळगूळ दिला. म्हणाले, मुद्दाम का कुणी करतं? म्हातारीच्या मातीची सोय त्याच रात्री लावली आहे, आता उकरून काय मिळणार, ऑफिस बंद पडेल, पंधरा घरांच्या चुली विझतील. मग म्हणाले, पुढच्या महिन्यात तुला कायम करतो. आणि तुझी ती लपवायची ओळ, ती राहू दे.

मी तिळगूळ खाल्ला. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी तर कुणाला कोंडलं नाही ना? मी आलेच जानेवारीत.

शुक्रवार, १६ जानेवारी

तळाचा आकडा ४११ होता. आज ४३० आहे.

फाईल बंद आहे. कुणी हात लावलेला नाही. सुमतीताई दोन दिवस रजेवर. माझ्याच कोडमध्ये घोळ असणार.

शनिवार, १७ जानेवारी

५१२. घोळ नाही. तीनदा तपासलं.

भा-०९च्या सगळ्या ओळी काढून टाकल्या. मग ‘लग्न’ शोधलं. सगळ्या ओळी भा-०९च्या. ‘भात’ शोधलं. भा-०९. बाण दाबला. ‘साळूला सांग, मी इथं हाय.’ त्यात ना लग्न ना भात. पुन्हा दाबला. ‘चारुता बाय, तू तरी सांग.’

माझं नाव! मी येण्याआधीच्या फाईलमध्ये माझं नाव कसं?

सोमवार, १९ जानेवारी

आज साळू जिन्यात नव्हती, थेट माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, ताई, आय इथं बोलली ते तुमच्या मशीनमध्ये हाय म्हणतात, मला वाचता येत नाय, तेवढं वाचून दाखवा. सर काचेआडून बघत होते.

स्क्रीनवर होतं: ‘साळू, मला कोंडलंय.’

मी वाचलं: साळू, मी भट्टीवर चालले, माझी काळजी करू नको, वाट बघू नको.

साळूने विचारलं, अजून काय? मी म्हटलं, संपलं, एवढंच बोलली. ती पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली, मग माझ्या पाया पडली. माझ्या पाया! सर नंतर म्हणाले, सुंठीवाचून खोकला गेला.

नीच आहे मी. नीच, नीच.

गुरुवार, २२ जानेवारी

आकडा ४०७७. आता टेबल न शोधताच उघडतं. बाण आपोआप खाली वळतात, एकामागून एक. घरच्या लॅपटॉपवरही. जेवण जात नाही. पाण्याचा ग्लास तोंडाशी नेते आणि तसाच खाली ठेवते.

सुमतीताईंना सगळं सांगितलं, मी साळूशी खोटं बोलले तेही. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि घरी निघून गेल्या.

रविवार, २५ जानेवारी, दुपार

सुमतीताईंनी फोन करून बोलावलं. ऑफिसला सुट्टी. साळू होती. ताईंनी तिला सगळं सांगून टाकलं होतं. मला वाटलं, मारेल. तिने हात जोडले. म्हणाली, आमच्यात मरणाऱ्याचं बोलणं अर्धं सोडत नाय, जीव अडकतो. आय जिथं बसली तिथं बसून शेवटपर्यंत वाचा.

एवढं तरी करावं म्हटलं. लॅपटॉप घेतला. फोन नियमाप्रमाणे बाहेर ठेवला. आत बसले, तर बाहेरून कडी—

आतल्या स्पीकरवर साळूचा आवाज आला. शांत. वाचा ताई. आय थांबली की उघडते.

दोन तास झाले असतील

लपवायची ओळ काढून टाकली. सगळं वाचतेय. बाय पाणी दे, बाय पाणी दे. बाण दाबला की दोन आधी, दोन नंतर. संपत नाही. बाणाला मी शेवट दिलाच नव्हता, पण फाईलला तर असेल ना— चार दिवसांचीच फाईल आहे—

घसा कोरडा. वही मांडीवर घेऊन लिहितेय, थांबले की साळू म्हणते, वाचा.

वेळ माहीत नाही

म्हटलं, संपलं. साळू म्हणाली, मागल्या सोमवारी पण असंच बोललीस.

सुमतीताईंना हाका मारल्या. त्या घरी गेल्या म्हणे. मी रडले, शिव्या दिल्या, आईची शपथ घातली. साळू म्हणाली, ओरडू नको, आय बोलतेय, मला ऐकू दे.

ती आता खूश आहे. आवाजात कळतं. तिला हे संपायला नकोच आहे—

बॅटरी ४

नवी ओळ आली. ‘साळू, दार उघडू नको. चार दिवस एकटीच होते. आता हाय कोणतरी.’

हे मी वाचणार नाही. मेले तरी नाही. तोंडावर हात दाबून बसलेय—

स्पीकरवर साळू हसली. म्हणाली, होय आय, नाय उघडत.

पण मी वाचलंच नाही. मग तिला कुणी— लॅपटॉप विझला, अंधार— माझ्या कानाशी कुणीतरी ओठ ओले करतंय, बाय म्हणतंय, पा—