ब्याण्णव गुणांचं पोट

३ फेब्रुवारी, मंगळवार

विष्ठेवर पत्रकार परिषद! इतक्या वर्षांच्या बातमीदारीत एवढंच राहिलं होतं.

चाकणची सुटे भाग बनवणारी कंपनी. एचआरचे जयदीपसाहेब सूट घालून उभे. कंत्राटी कामगारांपैकी कुणाला कायम करायचं, ते यापुढे पोटातले जंतू ठरवणार. म्हणजे असं — कामगाराने घरी डबीत चमचाभर विष्ठा भरायची, डबी ताथवड्याच्या एका प्रयोगशाळेत जाणार, तिथलं यंत्र जंतूंचा डीएनए वाचून कुठल्या जातीचे किती ते मोजणार आणि शंभरपैकी गुण देणार. चांगले जंतू जास्त, तर माणूस आजारी कमी, सुट्ट्या कमी.

मी विचारलं, "म्हणजे जंतूंची जात बघून नोकरी?"

"सर, हे सायन्स आहे."

पुरीष, शकृत्, गूथ — संस्कृत पाठशाळेत सगळे प्रतिशब्द घोकले होते. कधी उपयोगी पडतील असं वाटलं नव्हतं. शेवटी चहा आणि ढोकळा. ढोकळ्याला कुणी हात लावला नाही.

४ फेब्रुवारी

बातमी वाचून मंजुषा म्हणाली, "तुमच्या संपादकांनी ही डबी लावली, तर आपलं कसं व्हायचं हो?" बायको आहे. पोट ओळखते.

२१ फेब्रुवारी, शनिवार

निकाल लागला. बारा उमेदवार. अकरा जणांना ब्याण्णव! सगळ्यांना ब्याण्णवच! जयदीपसाहेबांचं निवेदन आलं — हा आमच्या कॅन्टीनमधल्या सॅलडचा परिणाम. बारावी बाई एकतीसवर नापास.

संध्याकाळी भोसरीत चहाला बाळू भेटला. मागे कंत्राटी कामगारांच्या उपोषणाची बातमी केली, तेव्हापासूनची ओळख. अकरांतला एक. हसू आवरत नव्हतं त्याला.

"आपलं भरायला लाज वाटती, राव. निम्मे गुटखा खानार, दोघं पिनार. आमाला वाटलं, कंपनी दारू पकडती. मंग आईच्या म्हशीचं शेण भरलं!"

"सगळ्यांच्या डब्यांत?"

"एकच म्हस. अकरा डब्या. आन् साहेबांना सोताला किती पडले ठावं हाय? अठ्ठेचाळीस!"

यंत्राने गवत पचवणारे जंतू पाहिले आणि हरखून गुण दिले. डबीतला माल माणसाचा आहे का, हे विचारायचं त्या विद्वानांपैकी कुणाला सुचलंच नाही.

जाता जाता बाळूचं हसू गेलं. "नापास झाली ती माझी बायको हाय. दीपमाला."

२२ फेब्रुवारी, रविवार

दोघं घरी आले. मी तिला विचारलं — सगळ्यांनी शेण भरलं, मग तू का नाही?

"डब्या मीच भरल्या की, दादा. गडी नाकाला रुमाल लावून पळाले. माझी तेवढी खरी भरली. चार म्हैने पोटात कळ येती. वाटलं, फुकट तपासनी हाय, काय झालंय ते तरी कळंल."

"मग, काय कळलं?"

"मला घ्यायचं न्हाई, एवढं कळलं."

मार्चअखेर तिचं कंत्राट संपतंय. छापावं, तर तिची नोकरी वाचेल आणि नवऱ्यासकट अकरा बुडतील. गप्प बसावं, तर ती जाईल.

२४ फेब्रुवारी

मंजुषा तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. आमांश. गोळ्या दिल्या. जंतूंची कुळं काढत बसलेल्यांपैकी कुणी तिला साधं "पोट दुखतं का?" विचारलं नव्हतं.

२६ फेब्रुवारी

युक्ती सुचली. ती डबी कुणालाही विकत मिळते — मलाही! दिघीच्या एका गोठ्यावर गेलो. चमचाभर शेण मागितलं, तर गवळी संशयाने बघायला लागला. "पाटी भरून न्या की!" एवढं नको म्हटल्यावर संशय वाढला.

८ मार्च, रविवार

चौऱ्याण्णव! "अभिनंदन! तुमचा आहार आदर्श आहे. असाच चालू ठेवा."

मंजुषा: "मग उद्यापासून डब्यात कडबा देऊ?"

संस्कृतात महिषी म्हणजे म्हैस आणि पट्टराणीसुद्धा. हे तिला सांगितलं. सांगायला नको होतं.

१० मार्च, मंगळवार

लेख छापून आला. माझं नाव, माझा निकाल, दिघीची म्हैस. कामगारांबद्दल अक्षर नाही. सकाळपासून फोन. जयदीपसाहेब उचलत नाहीत. बाळू म्हणाला, "एक नंबर, राव! दीपीची चाचणी परत घ्याया लागंल आता."

मलाही तेच वाटतंय. चाचणीची अब्रू गेली, माणसांची राहिली. असं रोज साधत नाही! स्वतःवर खूश होऊन दोन वेळा श्रीखंड खाल्लं.

१४ मार्च, शनिवार

प्रयोगशाळेने जुने निकाल पुन्हा काढले. वाचलेला डीएनए त्यांच्याकडे जपून ठेवलेला असतो. या वेळी त्यात फक्त म्हैस शोधली. अकरा जणांना आज गेटवरूनच परत पाठवलं. खरा नमुना दिला म्हणून दीपमाला एकटी कायम.

मी बाळूला फोन केला. तिनेच उचलला. "बाळू बोलायचा न्हाई, दादा. मी निघाले शिफ्टला."