मांडीच्या हाडाची वाटणी

मी, पेशाने रंगारी, वय वर्षे एकाहत्तर, ही माझी शेवटची इच्छा स्वखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरी दाखला सोबत जोडला आहे. थोरल्या भावाने तो आवर्जून वाचावा.

१. राहते दोन खोल्यांचे घर व बँकेतील शिल्लक माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावी. इतर कोणाचाही त्यावर हक्क नाही. स्वयंपाकघराचा हिरवा रंग तिच्या आईने निवडला होता. बदलायचा तर खुशाल बदलावा, पण आधी भिंत नीट घासून घ्यावी.

२. ब्रश, रोलर व मोठी शिडी माझ्या जोडीदार रंगाऱ्याला द्यावी. याच शिडीवरून मी दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून खाली आलो आणि कपडे झटकून उभा राहिलो. तडा गेला तो फरशीला. घरमालकाने त्याबद्दल वर मलाच झापले.

३. थोरल्या भावाला पोहायची रबरी ट्यूब. लहानपणी मी पाण्यात उतरलो की सरळ तळाला जायचो. "दगड्या, हातपाय मार की!" असे हा काठावरून ओरडायचा आणि घरभर मला भित्रा म्हणत फिरायचा. हाडांच्या जनुकांवर संशोधन करणाऱ्या एका डॉक्टरबाईंना माझ्या पडण्याची हकिकत कळली. त्यांनी मला तपासले, तेव्हा उलगडा झाला. एका जनुकातल्या बदलामुळे माझी हाडे भलतीच दाट आहेत, आणि अशा माणसांना तरंगणे जमत नाही. भावाने 'भित्रा' हा शब्द मागे घ्यावा, मगच ट्यूब न्यावी.

४. माझ्या दिवंगत पत्नीचे नेमके उलट होते. बादली उचलताना तिचा मणका मोडला, पुढे खुबा मोडला, आणि त्या अंथरुणातून ती उठली नाही. तिच्या आईचेही असेच झाले होते. मुलीने हाडे कोणाची घेतली, हे जाणून घ्यायचा मला ध्यास लागला आहे. ती मात्र तपासणीचे नाव काढू देत नाही. "कळून करू काय, बाबा? रोज भीतभीत जगू?" म्हणते. माझी सक्ती नाही. घर तिला बिनशर्त आहे.

५. माझ्या उजव्या मांडीचे हाड डॉक्टरबाईंच्या प्रयोगशाळेला द्यावे. कापावे, किसावे, हवे ते करावे. ते इतके दाट कशाने होते हे समजले, तर ठिसूळ हाडांवर नवे औषध निघू शकेल, असे त्या म्हणतात. काय सापडले ते मला कळणार नाही, याची चुटपुट आहे.

६. माझ्या पश्चात मुलीने एकदा तलावात उतरावे, छातीभर श्वास घ्यावा आणि काठ सोडावा. बुडू लागली तर बापावर गेली असे समजून हसत बाहेर यावे.

कलम सहा रद्द समजावे. मुलीने ते वाचले आणि म्हणाली, "पश्चात कशाला? तुम्ही काठावर असतानाच उतरते की." आज उतरली. डॉक्टरबाई आल्या होत्या, भाऊही आला होता. पोरगी बुडावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेला बाप जगात मी एकटाच असेन.

ती तरंगली. आरामात, आभाळाकडे बघत. मला रडू आवरेना.

"अहो काका, बहुतेक माणसं तरंगतातच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "यावरून काही ठरत नाही."

मुलगी केस पिळत होती. "मग कशावरून ठरतं तेच करू या," ती म्हणाली. "सोमवारी येते मी."

कलम पाच कायम. जन्माने जे मुलीला द्यायचे राहिले असेल, ते औषध होऊन तिच्यापर्यंत पोचावे. माझी खरी मिळकत तीच.

ठिकाण: तलावाचा काठ
दिनांक: ती पाण्यात उतरली तो रविवार

(सही) रंगारी

साक्षीदार:
(सही) तलावावरचा जीवरक्षक
(सही) थोरला भाऊ. ट्यूब नको. शब्द मागे घेतला.