धवलारणीचं पहिलं ताट

कोपरी, ठाणे
२२ एप्रिल १९५६

प्रिय शालू,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते न फोडताच ट्रंकेत टाकशील अशी भीती आहे. टाकलंस तरी मला बोलायला तोंड नाही. गेल्या आठ महिन्यांत मी तुला चार पत्रं लिहायला घेतली आणि चारही चुलीत घातली. हे पाचवं. तू पुढे वाचावंस म्हणून चांगली बातमी आधी सांगते. आईचा आवाज परत आला. पुरता आला. परवा तिने ओटीवरून बाबांना हाक मारली, तर ते मिठागराच्या बांधावर होते तिथून 'ओ' देते झाले.

तुला आठवतं, पाचवीत असताना तू पहिल्यांदा आमच्याकडे हळदीला आली होतीस? लग्न लावायला ब्राह्मण कुठे दिसेना म्हणून तू मला विचारलंस, आणि मी तोऱ्यात सांगितलं होतं की आमच्यात आधी धवलारीण लागते, आणि ती धवलारीण म्हणजे माझी आई. दोन दिवस, तीन दिवस, लग्नाचा एकेक विधी ती धवले गाऊन पुढे नेते. तिने गायल्याशिवाय हळद लागत नाही, मांडवाला खांब लागत नाही. तुझे वडील साताऱ्याकडचे, पोस्टातले, तुला हे सगळं नवलाचं. तू तोंड उघडं टाकून ऐकत बसलीस, आणि मग आईने कौतुकाने वाढलेली बोंबलाची चटणी खाऊन अर्धी कळशी पाणी प्यायलीस. आई तेव्हापासून तुला 'पाण्याची पोर' म्हणायची.

पुढे तू नर्स झालीस, कल्याणला गेलीस, मी इथल्या शाळेत पहिलीच्या पोरांना बाराखडी शिकवायला लागले. आणि दोन वर्षांपूर्वी आईचा आवाज बसायला लागला. सकाळी उठली की घोगरा, दुपारी जरा बरा, गायला बसली की अर्ध्या तासात फाटलेला. छातीत जळजळ तर तिला कधीचीच होती, पण त्या जळजळीला आजार म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. मिठागरात काम करणाऱ्या बाईच्या छातीत जळायचंच, असं आमच्याकडे सगळ्या धरून चालतात. आवाज गेला तेव्हा मात्र गाव हललं. जो तो औषध सांगायला लागला. आलं-मिरीचा काढा, लवंग चघळ, गरम पाण्यात लिंबू पिळून पी. आई दिवसातून चार वेळा ते तिखटजाळ काढे प्यायची आणि आवाज आणखी खाली जायचा. मग बायका म्हणायच्या, काढा कमी पडला.

गेल्या वर्षी वैशाखात आमच्या गावातल्या मोहन्याच्या लग्नात तिचा आवाज धवल्याच्या मध्येच बंद पडला. तोंड हलत होतं आणि काही ऐकू येत नव्हतं. नवरी रडायला लागली. आई घरी आली, देवापुढे नारळ ठेवला आणि म्हणाली, यापुढे कुणाच्या मांडवात बसणार नाही. त्याच महिन्यात मानपाड्याच्या नाथाशी माझं ठरलं होतं. मी बाबांना सांगून टाकलं की आईच्या धवल्यांशिवाय मी हळद लावून घेणार नाही, दुसरी धवलारीण मला नको. तू मला हट्टी म्हणालीस, आणि मी आहेच. पण शालू, दुसऱ्यांच्या शंभर लेकी जिने गाऊन सासरी धाडल्या, तिने माझ्या वेळी कोपऱ्यात मुक्याने बसायचं, हे मला बघवलं नसतं. नाथाच्या घरची माणसं भली, तरी वर्षभर कोण थांबतं?

त्या श्रावणात तू तिला टेंभी नाक्याजवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलीस. त्यांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि गाठबीठ काही नाही, नुसता घसा लाल होऊन सुजलाय, असं सांगितलं तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून रडले होते. तुला ते ठाऊक नाही. आम्ही सगळे मनातून भलतंच धरून चाललो होतो. पण घसा लाल का, याचा उलगडा तू केलास. आठ दिवस सुट्टी काढून आमच्याकडे राहिलीस आणि वहीत लिहीत गेलीस, आई काय खाते, केव्हा खाते, खाऊन काय करते. गावातल्या बायका हसत होत्या. मीसुद्धा हसले होते.

तुझी ती वही माझ्याजवळ आहे. पहाटे उठल्या उठल्या मिश्री, मग रिकाम्या पोटी गुळाचा कोरा चहा दोन वेळा. भाकरीबरोबर जवळ्याची नाहीतर बोंबलाची चटणी, वर चिंचेचं सार. पोटभर जेवली की लगेच मिठागरात कंबरेतून वाकून मीठ ओढायचं. आणि लग्नसराईत तर विचारूच नको. तू लिहिलं होतंस, वाकलं की पोटातलं आंबट पाणी वर येतं, भरल्या पोटी आडवं पडलं की रात्रभर घशाशी येत राहतं, छाती जाळतं ते तेच आणि आवाज खातं तेही तेच. इतकं साधं! आमच्या डोळ्यांसमोर रोज घडत होतं आणि आम्ही घशाला काढे पाजत होतो.

हे आईला सांगायचा दिवस मात्र वाईट निघाला. ओटीवर सहा-सात बायका बसल्या होत्या. तू वही उघडून एकेक वाचायला लागलीस. मिश्री सोड म्हणालीस. चटणी सोड. रिकाम्या पोटी चहा नको, भरल्या पोटी वाकू नको, दिवेलागणीच्या आत जेव, डोक्याखाली उंच घे. तिथपर्यंत आई ऐकत होती. मग तू पहिल्या ताटावर आलीस. आमच्या लग्नात धवलारीण दिवसभर काही खात नाही, शेवटचा विधी आटोपला की लग्नाच्या चुलीवरचं पहिलं ताट तिला मिळतं. मटण, वडे, तिखट रस्सा. ते तिने संपवायचं. ताट परत केलं तर नवरीला अशुभ. दिवसभर उपाशी, मग एवढं जेवण, आणि दमून तिथेच मांडवात आडवी. तू म्हणालीस, हेच ताट तुमचा आवाज घेतंय, ते नाकारा.

आईचा चेहरा मला अजून दिसतो. "मना ताट लोटाला सांगतंस? कुनाचे पोरीचा वाईट करू?" असं ओरडली, ओरडली म्हणजे तेवढ्या फाटक्या आवाजात जे काय जमलं ते. पुन्हा या घराची पायरी चढू नकोस म्हणाली. सगळ्या बायकांसमोर. आणि मी तुझ्या मागे दोन हातांवर उभी होते, शालू, आणि मी तोंड उघडलं नाही. तू वही माझ्या हातात दिलीस आणि चपला घालून निघालीस. मी नाक्यापर्यंतही आले नाही. आईचं एक वेळ सोड, ती चिडली होती. मी चिडले नव्हते, मी नुसती घाबरले होते. तुझ्यासमोर उभी राहून हे मला कधी म्हणता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

त्यानंतर आईने तुझं नाव काढलं नाही. पण काही दिवसांनी मिश्रीची डबी फडताळात मागे गेली. मी विचारलं तर म्हणाली, दात दुखतो. दात दुखतो म्हणून मिश्री सोडणारी ही पहिलीच बाई! मग चहाआधी भाकरीचा तुकडा खायला लागली, उंदीर खातात त्याआधी संपवते म्हणे. जेवल्यावर मिठागरात जायच्या ऐवजी बांधावर फेऱ्या मारायला लागली. बिछान्याच्या डोक्याकडे दोन विटा आल्या, का, तर जमिनीला ओल येते. दिवाळीपर्यंत छातीतली जळजळ गेली आणि ती काढ्याचं भांडं राख ठेवायला वापरायला लागली. मला वाटत होतं, योगायोग. वही तर माझ्या पेटीत होती, आणि आईला अक्षर येत नाही.

मग एका सकाळी ती जात्यावर बसली होती. मी मागच्या दाराशी उभी, तिला दिसत नव्हते. आधी गुणगुणत होती, मग गायला लागली, हलक्या पण स्वच्छ आवाजात. चाल हळदीच्या धवल्याची. आणि शब्द? मिश्री सोडावी, चटणी सोडावी, दिवा लागायच्या आत जेवावं, डोईखाली उंच घ्यावं. शालू, तुझी अख्खी यादी! एक गोष्ट पुढेमागे नाही. जी बाई शेकडो धवले एकदा ऐकून पाठ करत आली, तिला वही कशाला लागते? हाकलून देत होती त्या दिवशीसुद्धा तिने तुझा शब्द न् शब्द उचलला होता. मी तिथेच भिंतीला टेकून हसत होते आणि डोळे पुसत होते.

माघात नाथाच्या चुलत बहिणीच्या लग्नाला तिला बोलावणं आलं. माझ्या सासरचं गाव, नाही कसं म्हणणार? गेली. पहिल्या दिवशी सूर्य डोक्यावर आला तेव्हा ती मांडवात उभी राहिली आणि म्हणाली, धवलारणीचं पहिलं ताट आणा. सगळे बघतच राहिले, अजून तर चूलसुद्धा नीट पेटली नव्हती. आई शांतपणे म्हणाली, ताट दुपारचंच असतं, वरण-भात आणि तुपाचं, माझ्या आजेसासूच्या वेळची रीत आहे, मध्यंतरी लोक विसरले. कुणाची बिशाद आहे धवलारणीला रीत सांगायची! वरण-भात आला, तिने निवांत जेवून ताट स्वच्छ केलं, अर्धा तास सरळ बसली आणि मग दिवेलागणीपर्यंत गायली. आवाज एकदाही तुटला नाही. आता आसपासच्या गावांतल्या धवलारणीही दुपारचंच ताट मागायला लागल्यात. आजेसासू स्वर्गात चकित झाली असेल.

हे सगळं तुझं देणं आहे. आईचा गळा, आणि माझं लग्नही. नाथाच्या घरच्यांनी तारीख धरली आहे, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी. मी हळद लावून घेणार आहे आणि आई गाणार आहे. आभार हा शब्द मला लहान वाटतो, पण दुसरा येत नाही, म्हणून तोच पुन्हा पुन्हा लिहिते.

आता हे पत्र का लिहिलं ते. आमच्या धवल्यांत सुरुवातीला आवतण असतं. धरतरीला, सूर्याला, गावदेवीला, मेलेल्या वाडवडिलांना, मग जित्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. काल आई माझ्या लग्नाचं आवतण घोळवत होती. गावदेवी झाली, आजा-आजी झाले, आणि मावशी-आत्यांच्याही आधी तिने गायलं, कल्याणची शालू बाय, तिला पहिला मान. मी पाहत राहिले तर मान खाली घालून म्हणाली, तिला लिव, धवल्यात नाव घेतलेलं माणूस आलं नाही तर हळद लागत नाही. ही रीत खरी की आईने आत्ता काढलेली, ते विचारू नकोस. तिला माफी मागता येत नाही, तिला फक्त गाता येतं. आणखी एक सांगायला सांगितलंय. त्या दुपारी दोन ताटं मांडणार आहे, दुसरं तुझं, आणि तू बाजूला येऊन बसल्याशिवाय ती घास घेणार नाही. तिला उपाशी ठेवलं तर काय होतं, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? तेव्हा वेळेवर ये गं.

नाक्यापर्यंत आणायला येणारी,
तुझीच,
गोदा