धबधब्यातल्या टाळ्या

प्रिय अंकुर,

आज सकाळी मी एकटीच सागाच्या जंगलातून त्या धबधब्यापर्यंत जाऊन आले.

बाप असून कोमलला सहलीला जाऊ दिलं म्हणून तू वर्षभर स्वतःला दोष देतो आहेस. ते थांबव. वनखात्यानं धबधब्याची वाट बंद केली, तेव्हा धार शहराच्या चौकात मीच गरजले होते, "जंगल जनता का है, फाटक खोलो!" सगळ्यात जोरात टाळ्या तू वाजवल्यास. आठवड्यात फाटक उघडलं.

सभेआधी वनरक्षक मला भेटला होता, हे तुला माहीत नाही. "दीदी, ऊपर का पत्थर ढीला है. बंद रहने दो." मी हसून म्हटलं, "डरना तुम्हारी नौकरी है, भिया, हमारी नहीं." पुढच्याच महिन्यात आपली कोमल त्या दगडावरून पडली.

आज तिथं तिची माफी मागायला तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. पाणी कोसळत होतं आणि मला नुसत्या टाळ्या ऐकू येत होत्या. त्यात तुझ्याही.

काल तू फोनवर म्हणालास, "ताई, वर्षश्राद्धाला दोन शब्द तूच बोल. तुझ्यासारखं कुणाला जमणार?" मी हो म्हटलं. हे पत्रही आधीच्या पत्रांसारखं कपाटात जाईल, आणि रविवारी देवासला वर्षश्राद्धात मी फार छान बोलेन.

तुझी,
विनीताताई